गाडीला न दिसणारा जावई

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा हसतोय. माझं घर नरपडचं, मच्छीमारांचं. आजोबा बोटीवर, वडील बोटीवर. समुद्रात काय काय दिसतं याच्या आमच्याकडे इतक्या गोष्टी, की ऐकता ऐकता ताटातला भात गार व्हायचा. वडील म्हणायचे, अमक्या ठिकाणी जाळं टाकायचं नाही, तिथे कोणीतरी उभं असतं. मी विचारायचो, पाण्यावर उभं? त्यावर उत्तर म्हणून कानाखाली मिळायची. तेव्हापासून माझा हिशेब सरळ आहे – दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही. मला बोट लागायची, म्हणून मी समुद्र सोडून गाड्यांच्या काचांच्या धंद्यात आलो. काचेला तडा असतो किंवा नसतो, मधलं काही नसतं... असं मी गेल्या वर्षापर्यंत सगळ्यांना सांगत होतो.

आधीच सांगतो, यात भूत नाही. कोणी मेलेलं नाही. यातली सगळी माणसं आजही जेवून-खाऊन सुखरूप आहेत आणि त्यातली दोन माझ्या घरची आहेत. म्हणूनच लिहायला इतके दिवस लागले.

आमचं वर्कशॉप तलासरीच्या पुढे, हायवेवर, गुजरातकडे जाणाऱ्या बाजूला आहे. तिथून अच्छाडचा नाका जवळ. दिवसभर ट्रक आणि डंपर, आणि डंपरमधून उडणारी खडी. आमचं पोट त्या खडीवर चालतं असं म्हटलं तरी चालेल, कारण पुढची काच फुटण्याचं मुख्य कारण तीच. आधी मी ट्रक-टेम्पोच्या काचा बसवायचो. मग मुंबई, दमण, वापीकडच्या महागड्या गाड्या यायला लागल्या. विजेवरच्या, आवाज न करणाऱ्या. त्यांची काच म्हणजे नुसती काच नसते. आरशाच्या मागे, काचेला चिकटून एक कॅमेरा असतो. त्याच्या जोरावर गाडी लेन धरते, पुढे माणूस आला तर आपोआप ब्रेक मारते. या सगळ्याला एडास म्हणतात.

काच बदलली की तो कॅमेरा केसभर तरी हलतोच. इथे केसभर, म्हणजे लांबवर एक अख्खी लेन. म्हणून काच बसल्यावर समोर ठरलेल्या अंतरावर एक काळा-पांढरा बोर्ड उभा करायचा, लॅपटॉप जोडायचा आणि गाडीला तिची नजर पुन्हा शिकवायची. काही गाड्यांना तर वर तासभर रस्त्यावरही फिरवावं लागतं. कॅलिब्रेशन हा त्याचा खरा शब्द. आमच्याकडे त्याला ‘डोळा उघडणे’ म्हणतात. मूर्तीचे डोळे शेवटी उघडतात ना, तसं.

तर काच बसवणार मी, आणि डोळा उघडणार निलेशराव.

निलेशराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, प्रमिलाचा नवरा. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. तरी मी त्यांना ‘तुम्ही’ म्हणतो, मूड असला तर ‘जावईबापू’. आमच्याकडे तसंच आहे. जावई वयाने कितीही लहान असो, त्याला पाट पुढे करायचा, माशाचा मधला तुकडा वाढायचा आणि उलट काही विचारायचं नाही. जावई म्हणजे दशमग्रह, असं माझी आई गमतीने म्हणायची, पण गावातल्या कोणाचाही जावई समोर आला की तिचाच पदर डोक्यावर जायचा. मी लॅपटॉपमधलं काही समजत नाही. इंग्रजी तर बेताचंच. निलेशराव पुण्याला तीन दिवसांचं ट्रेनिंग करून आले, येताना मोठं सर्टिफिकेट घेऊन आले. मी ते लॅमिनेट करून भिंतीवर लावलं. दसऱ्याला स्कॅनरची पूजा केली, तेव्हा त्या सर्टिफिकेटलाही झेंडूचा हार घातला. गाडीबरोबर जो कागद देतात – डोळा नीट उघडला आहे असा – त्यावर सही मात्र माझी असायची, कारण दुकान माझ्या नावावर. ते कागद पुढे करायचे, मी सही करायचो. वाचायचा प्रश्नच नव्हता. अक्षरशः डोळे झाकून विश्वास होता.

गाडी देताना आमची एक पद्धत होती. जमिनीवर पिवळी रेषा आहे. गिऱ्हाइकाला गाडीत बसवायचं, गाडी चालू करायची आणि मी त्या रेषेवर जाऊन उभा राहायचो. लगेच आतल्या मोठ्या स्क्रीनवर राखाडी रंगाचा माणूस उमटायचा. गिऱ्हाईक खूश. याला आम्ही दर्शन म्हणायचो. त्यावरून कॅमेरा अचूक आहे हे कळत नाही, हे मला आता माहीत आहे. पण बघणाऱ्याचं समाधान व्हायचं.

गेल्या वर्षी संक्रांत होऊन गेली होती. बोर्डीच्या एक डॉक्टरबाई आहेत. आता दवाखाना बंद केलाय, चिकूची बाग बघतात. सत्तरीच्या आसपास, गाडी स्वतः चालवतात. त्यांची पांढरी गाडी आली होती. खडीने काचेला मधोमध तडा. सकाळी मी काच बसवली, दुपारी निलेशरावांनी डोळा उघडला आणि चारच्या सुमारास बाई घ्यायला आल्या. शेडमध्ये चांगलं ऊन येत होतं. माझे हात काचेच्या काळ्या चिकट्याने भरले होते, म्हणून मी म्हटलं, “जावईबापू, आज दर्शन तुम्ही द्या.”

ते रेषेवर जाऊन उभे राहिले. मी बाईंच्या खिडकीशी.

“उभं करा ना कोणाला तरी,” बाई म्हणाल्या.

“केलंय की. समोर निलेशराव आहेत.”

“मला दिसतायत हो ते. गाडीला कुठे दिसतायत?”

मी वाकून स्क्रीनवर पाहिलं. रेषेच्या मागे ठेवलेला नारिंगी कोन दिसत होता. कडेचा ड्रम दिसत होता. मध्ये रिकामी जमीन. डोकं वर करून पाहिलं तर जावई हात हलवत उभे.

मी तसाच जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो. बाई आतून म्हणाल्या, “आता आला एक.” आम्ही दोघं, माणूस एक. मी बाजूला झालो, स्क्रीन रिकामी. निलेशराव हसत म्हणाले, “शर्ट राखाडी आहे ना दादा, जमिनीत मिसळत असेल.” त्यांनी माझं निळं जॅकेट घातलं. नाही. ते चालले, वाकले, दोन्ही हात वर केले. नाही. तेवढ्यात समोरून एक कुत्रं गेलं, ते दिसलं.

“सॉफ्टवेअरचा बग असतो असा,” निलेशराव म्हणाले. “अपडेट आलं की जाईल.”

बाई मिश्कील आहेत. जाताना म्हणाल्या, “हरेश, जावयाला जपा. गाडी ओळख देत नाही.” आम्ही तिघंही हसलो आणि विषय संपला.

पंधरा दिवसांनी उंबरगावच्या एका कारखानदाराची काळी गाडी आली. दुसरी कंपनी, दुसऱ्या देशाची. तिलाही निलेशराव दिसेनात. मी दिसलो, ड्रायव्हर दिसला, चहावाला दिसला. त्यानंतर दमणची एक लाल गाडी आली, तिला मात्र ते स्वच्छ दिसले. मी मनात म्हटलं, हे काय त्रांगडं आहे.

मला चैन पडेना. मी कोणाला काही न सांगता बघायला लागलो. जुनं गिऱ्हाईक रबरपट्टी बघायला आलं, वायपर बदलायला आलं, की काहीतरी निमित्त काढून निलेशरावांना गाडीपुढे पाठवायचं आणि आपण आत बसायचं. होळीपर्यंत आमच्याकडे डोळा उघडलेल्या सगळ्या मिळून नऊ गाड्या झाल्या. चार गाड्यांना ते दिसले, पाच गाड्यांना नाही. कंपनीचा संबंध नाही, रंगाचा नाही, उन्हाचा नाही. ज्या गाडीला दिसत नव्हते तिला कधीच दिसत नव्हते, बाकीचं सगळं जग दिसत होतं. आणि आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आधी हसणारे निलेशराव आता रेषेवर उभं राहायला टाळाटाळ करायला लागले होते. दर्शनाची वेळ आली की त्यांना फोन यायचा.

मग तो प्रकार झाला. डॉक्टरबाईंच्या काचेतून वारा शिट्टी मारतो म्हणून त्या पुन्हा आल्या होत्या. मी पट्टी दाबून दिली. त्या निघाल्या तसा मी गाडीसमोरून पलीकडे जायला लागलो, तर गाडीने टीट-टीट करून स्वतःच ब्रेक मारला. चांगली दोन हात लांब थांबली. बाई म्हणाल्या, “बघा, किती काळजी तुमची.” पुन्हा निघाल्या. तेवढ्यात निलेशराव बाजूने आले आणि खाली पडलेला कोन उचलायला गाडीसमोर वाकले. बाईंचं लक्ष आरशात होतं. गाडी गेली तशीच पुढे. आवाज नाही, ब्रेक नाही. बंपर लागून ते कोपरावर पडले तेव्हा मी ओरडलो आणि बाईंनी पाय दाबला.

लागलं फारसं नव्हतं. कोपर सोललं, पँट फाटली. बाई लगेच खाली उतरल्या. स्वतः जखम धुतली आणि सारखं एकच म्हणत राहिल्या, “गाडी काहीच बोलली नाही हो. काहीच बोलली नाही.”

मी निलेशरावांकडे बघत होतो. माणूस अशा वेळी गाडीला शिव्या देतो, घाबरतो. ते खाली मान घालून म्हणाले, “माझीच चूक.” तेही इतक्या पटकन, की मला ते खटकलं.

त्या दिवशी घोलवडच्या रस्त्याने बाइकवर घरी येताना माझ्या डोळ्यासमोर प्रमिला येत होती. आईबाप गेल्यावर तिला मी वाढवली. लग्न मी लावून दिलं. तिची मुलगी अजून दुसरीत आहे. त्या पाच गाड्या रोज त्याच हायवेवरून फिरतात जिथे निलेशराव दिवसातून चारदा रस्ता ओलांडतात. उद्या काही झालं तर मी तिला काय सांगणार होतो – तुझा नवरा गाडीला दिसत नव्हता आणि मला माहीत होतं?

वापीला अल्पेशभाई म्हणून एक आहेत, हेच काम करतात. आमचे तसे प्रतिस्पर्धी. मी त्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. म्हटलं, एका रविवारी या, तुमचं मशीन लावून बघा, आणि कुठे बोलू नका. चैत्रातला रविवार ठरवला, कारण निलेशराव आणि प्रमिला मुलीला घेऊन महालक्ष्मीच्या जत्रेला जाणार होते. डॉक्टरबाईंना गाडी घेऊन बोलावलं.

अल्पेशभाईंनी वायर लावली आणि बराच वेळ स्क्रीनवर काहीतरी वर-खाली करत बसले. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

“आ तो थयुं ज नथी, भाई.”

इथल्या माणसाला गुजराती समजावून सांगावी लागत नाही. तरी मी विचारलं, “म्हणजे?”

“म्हणजे केलंच नाय कोणी. हे बघ. गाडीच्या आत लिहिलेलं असते, शेवटी डोळा कधी सेट झाला ते. फॅक्टरीतली तारीख आहे. त्याच्यानंतर काय नाय. फक्त वॉर्निंग पुसलेली आहे, लाल दिवा दिसू नये म्हणून.”

डॉक्टरबाईंनी पर्समधून कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. डोळा नीट उघडला आहे. खाली सही. माझी.

पुढच्या दहा दिवसांत काहीतरी थापा मारून मी बाकीच्या आठ गाड्या अल्पेशभाईंकडे वापीला पाठवल्या. ज्या चार गाड्यांना निलेशराव दिसत होते, त्यांचं काम चोख झालेलं होतं. ज्या पाच गाड्यांना ते दिसत नव्हते, त्यांचा डोळा कोणी उघडलाच नव्हता. एकही इकडची तिकडे नाही. अल्पेशभाईंना मी दर्शनाचं सांगितलं, तर ते म्हणाले असं होऊच शकत नाही. कॅलिब्रेशन नसलं तर माणूस जागेवरून थोडा सरकलेला दिसेल, उशिरा दिसेल. सगळे दिसतील आणि एकच दिसणार नाही, असं कॅमेऱ्याला जमत नाही.

विश्वास पानिपतात गेला म्हणतात, माझा माझ्याच शेडमध्ये गेला. राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली. म्हाताऱ्या बाईला मी आंधळी गाडी देऊन वर कागदावर सही करून दिली होती. भिंतीवरचं सर्टिफिकेट मी काढून डॉक्टरबाईंना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “हरेश, यावर फक्त ‘उपस्थित होते’ असं लिहिलंय.” हजेरीच्या कागदाला मी झेंडूचा हार घातला होता.

नंतरच्या सोमवारी एक गाडी तयार झाली. निलेशराव म्हणाले, “दादा, रोडवर डोळा सेट करून येतो, दोन तास लागतील.” मी बरं म्हटलं आणि थोड्या वेळाने बाइक काढून मागे गेलो. हायवेला गेलेच नाहीत. गाडी सरळ झाईच्या किनाऱ्यावर. तिथे बोटी ओढून ठेवतात त्या बाजूला सावलीत लावली, आणि हे महाशय एका जुन्या जाळ्याच्या ढिगावर जाऊन बसले. समोर दोन बायका बोंबील वाळत घालत होत्या. त्यांना सवय असावी, त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

मी जाऊन शेजारी बसलो. ते दचकले नाहीत. जणू माझी वाटच बघत होते.

“किती दिवस येताय इथे?” मी विचारलं. त्यांना उलट काही विचारण्याची ती माझी पहिलीच वेळ.

“पुण्याहून आलो तेव्हापासून.” जाळ्याची एक गाठ सोडवत म्हणाले, “शेवटच्या दिवशी परीक्षा होती दादा. नापास झालो. जुन्या मॉडेलचं मला जमतं. नव्या गाड्या काय विचारतात तेच कळत नाही.”

“मग सांगायचं ना मला.”

“कसं सांगणार? घरी आलो तर तुम्ही पेढे वाटलेले. सगळं नरपड मला इंजिनियर म्हणायला लागलं. तुम्ही त्या कागदाला हार घातलात, दादा. तुमच्यापुढे जावयाने काय तोंडाने सांगायचं?”

थोबाडीत मारावी असं वाटलं आणि तोंडातून मात्र ‘तुम्ही’च येत होतं. “तुम्ही त्या गाड्यांत माणसं बसवलीत, निलेशराव. माझ्या सहीने बसवलीत. मी तुम्हाला भावासारखं नाही, भावापेक्षा जास्त मानलं.” ते रडायला लागले. मी त्यांना रडू दिलं.

शेवटी विचारलं, “गाडीला तुम्ही का दिसत नाही?”

त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे असं बघितलं की मला त्यांची भीती वाटली नाही, त्यांच्यासाठी वाटली. “महालक्ष्मीची शपथ, मला माहीत नाही. पहिल्यांदा वाटलं बग आहे. मग मीही मोजलं. ज्यांचं केलं नाही त्याच... म्हणून मी रेषेवर यायचो नाही. दादा, मला रात्रभर झोप नसते.”

मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, ही गाडी आधी अल्पेशभाईंकडे जाणार आणि त्या पाचही मालकांना मी खरं सांगणार. दोन, यातलं एक अक्षर प्रमिलाला कळता कामा नये. तिच्या मनातून नवरा उतरला तर पोरीचं घर मोडेल. तिला तो मान डोक्यावर घेऊन चालायची सवय आहे. जे व्हायचं ते आपल्या दोघांत. निलेशराव बराच वेळ समुद्राकडे बघत बसले. मग म्हणाले, “बरं.”

पुढचा महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट. एकेकाला फोन करून सांगायचं, तुमच्या गाडीचा डोळा उघडलेला नाही, चूक माझी आहे, गाडी घेऊन या. एकाने आईवरून शिव्या दिल्या, त्या ऐकून घेतल्या. डॉक्टरबाई तर आधीच जाणून होत्या. त्यांनी गाडी आणून किल्ली माझ्या हातात ठेवली, ते जास्त लागलं. अल्पेशभाई मशीन घेऊन यायचे आणि आमच्याच शेडमध्ये काम करायचे. प्रमिलाला सांगितलं की नवीन मशीनचं ट्रेनिंग चाललंय. तिच्यासमोर मी निलेशरावांना मुद्दाम जास्तच जावईबापू करायचो. जेवताना मधला तुकडा त्यांच्याच ताटात. चेहरा हसरा ठेवायचो.

आणि प्रत्येक गाडीचा डोळा खरा उघडला की निलेशरावांना मी रेषेवर उभं करायचो. पहिल्यांदा डॉक्टरबाईंची गाडी. स्क्रीनवर राखाडी माणूस आला. मी काचेतून अंगठा दाखवला तर ते तिथेच खाली बसले. मग दुसरी, तिसरी, चौथी. प्रत्येक गाडीला ते दिसायला लागले.

राहिली उंबरगावची काळी. मालक परदेशात होता, म्हणून तिला उशीर झाला. एका गुरुवारी ती आली. निलेशराव तलासरीत बँकेत गेले होते. दुपारचा एक वाजत आला होता. गाडी सपाटीवर घ्यायची म्हणून मी आत बसलो, चालू केली. अल्पेशभाई समोर बोर्ड लावत होते, ते स्क्रीनवर दिसत होते. बोर्ड लावून ते टेप आणायला मागे गेले.

तेवढ्यात प्रमिला डबा घेऊन आली. रोज मागच्या दाराने येते, त्या दिवशी मागे काचेची पेटी आडवी होती म्हणून पुढून आली. बरोबर गाडीसमोर येऊन थांबली, अगदी रेषेवर, आणि हाताने जेवणाची खूण केली. मी मान हलवली. मग सवयीने नजर स्क्रीनवर गेली.

बोर्ड होता, ड्रम होता. मध्ये कोणी नव्हतं.

मला वाटलं स्क्रीन अडकली. इतक्यात अल्पेशभाई टेप घेऊन प्रमिलाच्या मागून गेले. राखाडी माणूस डावीकडून उजवीकडे चालत गेला. एकच.

मी गाडीतून उतरलो. तिच्या हातातून डबा घेतला, ड्रमवर ठेवला आणि विचारलं, “प्रमिला, तुला माहीत होतं?”

तिने ‘काय’ असं विचारलं नाही. त्यावरूनच समजायला हवं होतं.

“तुला कोण बोललं? हे बोलले?” तिने उलट विचारलं.

“कधीपासून?”

“पुण्याहून आले त्या रात्रीच सांगितलं मला. मीच म्हटलं, दादाला नका सांगू. सगळ्या गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.” ती पदराशी चाळा करत होती. “आणि कागद पुढे करायची युक्तीपण माझीच. म्हटलं दादा वाचत नाही, सही करतो.”

मी महिनाभर जिच्यापासून लपवत होतो, जिचं घर वाचवायला लोकांच्या शिव्या खात होतो, तिला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. झाईला निलेशराव इतका वेळ गप्प का बसले होते, तेही तेव्हा कळलं. मी म्हटलं, “मी तुझा भाऊ ना गं? डॉक्टरबाई मेल्या असत्या. तुझा नवरा मेला असता.”

ती म्हणाली, “तू एकदा विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू कधी विचारलंच नाहीस, दादा.”

माझ्याकडे याचा उलगडा नाही. मी शिकलेल्या लोकांना विचारलं. कोणी म्हणालं साडीचा रंग, कोणी म्हणालं उन्हाचा कोन. गाडी फसवणाऱ्यांना ओळखत होती असं म्हणावं, तर ती लोखंडाची आणि काचेची वस्तू आहे, माझ्या हातानेच बसवलेल्या काचेची. खरं काय ते माहीत असलेला माणूस दिसत नाही म्हणावं, तर मलाही माहीत होतं, अल्पेशभाईंनाही, आणि आम्ही दिसत होतो. तुमच्यापैकी कोणी या लाइनमधलं असेल तर जरूर लिहा. मी सगळं वाचेन. हल्ली वाचतो.

निलेशराव परीक्षेला पुन्हा बसले, पास झाले. काम चांगलं करतात. मी अजून त्यांना तुम्हीच म्हणतो, मात्र कागद वाचल्याशिवाय सही करत नाही. प्रमिलाशी बोलतो, कामापुरतं.

त्या दिवशी दुपारी साडेतीनला काळ्या गाडीचा डोळा उघडला. प्रमिला दिसली नाही हे मी अल्पेशभाईंना सांगितलं होतं; त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, “बहेनला उभी करा, बघू तरी.” प्रमिला तोपर्यंत गेली नव्हती. ती उठली आणि काही न बोलता रेषेपर्यंत आली.

मी गाडी बंद केली. दिसली असती तर मला तिला माफ करावं लागलं असतं, आणि ते मला अजून जमलेलं नाही.